राइस की मॉस? आधी बचावाकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी डॅलसला आलात, दर रविवारी सहकाऱ्यांबरोबर सामने बघता आणि एनएफएलमधला (अमेरिकन फुटबॉलची मुख्य व्यावसायिक लीग) सर्वांत मोठा वाइड रिसीव्हर, म्हणजे पुढे धावत जाऊन फेकलेला चेंडू झेलणारा, कोण यावरून दर रविवारी वाद होतो. तुम्ही आकड्यांचा तक्ता उघडून जेरी राइसचं नाव पुढे करता. पन्नाशीतला एक सहकारी म्हणतो, "तू रँडी मॉसला खेळताना पाहिलंच नाहीस." दुसरा, तरुण, म्हणतो की हे दोघेही जुने झाले, जस्टिन जेफरसन किंवा जमार चेस त्या काळात असते तर सगळे विक्रम यांच्याच नावावर असते. तुम्हाला पहिल्या दहांची यादी हवी आहे, कारणांसकट.

यादी देतो. पण त्याआधी माझा कल कुठे आहे ते सांगायला हवं. मी मूळचा साताऱ्याचा. १९९८ च्या ऑगस्टमध्ये न्यू जर्सीला आलो आणि त्याच नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला एका सहकाऱ्याच्या घरी जेवायला गेलो. खेळाचे नियम अर्धेमुर्धे कळत होते. टीव्हीवर मिनेसोटा वायकिंग्ज विरुद्ध डॅलस काउबॉइज. वायकिंग्जकडे पहिल्याच वर्षी खेळणारा एक उंच, सडपातळ मुलगा होता. त्याने दिवसभरात तीनच झेल घेतले: ५१ यार्ड, ५६ यार्ड, ५६ यार्ड. तिन्ही टचडाउन, म्हणजे चेंडू थेट समोरच्या संघाच्या शेवटच्या पट्ट्यात. तो रँडी मॉस. त्या दिवसापासून मी हा खेळ बघतोय, आणि गेली चौदा वर्षं आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये मुलांना रिसीव्हरचं काम शिकवतोय. म्हणजे मन माझं मॉसकडे आहे. यादीत काय होतं ते पुढे बघा.

तुमच्या टेबलावर तीन माणसं तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतायत, हे तुमच्या वादाचं मूळ आहे. तुम्ही सांगताय की कारकीर्दीत सर्वांत जास्त कोणी केलं. पन्नाशीतला सहकारी सांगतोय की समोरच्या संघाला सर्वांत जास्त धडकी कोणाची भरायची. तरुण सहकारी सांगतोय की आज दोघांना एका मैदानावर उभं केलं तर सरस कोण ठरेल. तिन्ही प्रश्न रास्त आहेत, फक्त त्यांची उत्तरं एक नाहीत. गावसकर की सचिन हा वाद आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालतो तो याच कारणाने.

पण रिसीव्हरच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे, आणि ती फलंदाजाला नाही. फलंदाजाकडे चेंडू येतोच. रिसीव्हरकडे चेंडू यायला आधी प्रशिक्षकाने पासची चाल निवडावी लागते, पुढच्या फळीने क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याला, अडीच-तीन सेकंद सांभाळावं लागतं, क्वार्टरबॅकला तो दिसावा लागतो आणि मग फेक नीट यावी लागते. सामन्यात एखादा संघ साठ-पासष्ट चाली खेळतो. उत्तम रिसीव्हरकडे त्यातल्या आठ-दहा वेळा चेंडू फेकला जातो. उरलेल्या पन्नासेक चालींत त्याने काय केलं याची तक्त्यात नोंदच नसते.

पॉल वॉरफिल्डचं उदाहरण घ्या. १९७२ चा मायामी डॉल्फिन्स हा एकही सामना न हरता अजिंक्यपद मिळवणारा एकमेव संघ. वॉरफिल्ड त्यांचा मुख्य रिसीव्हर. त्या हंगामात त्याचे झेल किती? २९. आज एखादा रिसीव्हर तीन-चार सामन्यांत तेवढे घेतो. मग वॉरफिल्ड कमी प्रतीचा होता का? त्या संघाचे दोन धावपटू, लॅरी झोंका आणि मर्क्युरी मॉरिस, दोघांनीही त्या वर्षी हजार-हजार यार्ड पळून काढले होते. चेंडू फेकायची गरजच पडत नव्हती. पुढच्या वर्षीच्या सुपर बोलमध्ये (लीगच्या अंतिम सामन्यात) तर त्यांच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या सामन्यात सात पास फेकले आणि संघ २४-७ असा आरामात जिंकला. वॉरफिल्डने त्या १९७३ च्या हंगामातही २९ च झेल घेतले, पण त्यातले ११ टचडाउन होते. संपूर्ण कारकीर्दीत त्याची सरासरी दर झेलामागे २० यार्डांच्या वर आहे. सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, त्याच्या बाजूला झुकलेला असायचा म्हणून झोंकाला मधून वाट मिळायची, आणि ते श्रेय झोंकाच्या यार्डांत जमा झालं.

याच्या उलट टोक म्हणजे डेट्रॉइट लायन्सचा कॅल्विन जॉन्सन. २०१२ मध्ये त्याने १,९६४ यार्ड काढले. एका हंगामातला हा विक्रम. राइसचा १९९५ चा १,८४८ चा विक्रम त्याने मोडला. जॉन्सन अफाट होता यात वादच नाही. पण त्या वर्षी त्याचा क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्ड याने ७२७ पास फेकले होते, तोवर कोणीही एका हंगामात इतके फेकले नव्हते. संघ सोळापैकी चारच सामने जिंकला. सतत मागे असलेला संघ सतत पास फेकतो. म्हणून मी यार्ड वाचताना आधी बघतो की संघाने एकूण किती वेळा चेंडू फेकला आणि त्यातला कितवा हिस्सा या माणसाकडे गेला.

मग चेंडू येत नसतानाचं काम कसं मोजायचं? इथे टीव्ही तुमची दिशाभूल करतो. नेहमीच्या प्रक्षेपणात कॅमेरा क्वार्टरबॅक आणि पुढच्या फळीवर असतो. चाल सुरू झाली की दोन सेकंदांत रिसीव्हर चौकटीबाहेर जातो आणि चेंडू आला तरच पुन्हा दिसतो. म्हणजे ज्या कामासाठी त्याला पगार मिळतो ते आपण बघतच नाही. २०१२ पासून बावीसही खेळाडू दिसतील असं वरून घेतलेलं चित्रीकरण सामान्य प्रेक्षकांना मिळू लागलं, तेव्हा माझं मत बऱ्याच खेळाडूंबद्दल बदललं. मी वही ठेवतो. दर चालीला चार गोष्टी लिहितो: कॉर्नरबॅक (रिसीव्हरच्या समोरचा बचावपटू) रिसीव्हरपासून किती अंतरावर उभा आहे, सेफ्टी कोणत्या बाजूला आणि किती खोल आहे, रिसीव्हर वळला तेव्हा दोघांमध्ये किती जागा पडली, आणि शेवटी चेंडू कोणाकडे गेला. चेंडू झेलला की नाही हे सर्वांत शेवटी. पन्नास चाली अशा लिहिल्या की बचाव कोणाला घाबरतोय हे आपोआप कळतं. माणसं तोंडाने काहीही बोलोत, सेफ्टीचे पाय खोटं बोलत नाहीत.

मुलांना शिकवताना मला कबड्डी फार उपयोगी पडते. आमचे सर सांगायचे, चढाईला आलेल्याच्या डोळ्यांकडे बघू नका, कमरेकडे बघा; डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. इथल्या कॉर्नरबॅकलाही हेच शिकवतात. रिसीव्हरची कंबर खाली गेली, पावलं आखडली की तो वळणार. म्हणून रिसीव्हरचं खरं कौशल्य म्हणजे कंबर न सांगता वळणं. वेग, उंची, उडी या देणग्या आहेत. ही मात्र घासून मिळवायची गोष्ट आहे.

आता जेरी राइस. १९८५ च्या निवडीत (ड्राफ्ट, म्हणजे संघ आळीपाळीने कॉलेजचे खेळाडू घेतात ती) तो सोळावा गेला. मिसिसिपी व्हॅली स्टेट हे छोटं कॉलेज, आणि वेग बेताचा अशी चर्चा. त्याच्या आधी अल टून आणि एडी ब्राऊन असे दोन रिसीव्हर उचलले गेले होते. सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सच्या प्रशिक्षक बिल वॉल्शने न्यू इंग्लंड पेट्रियट्सशी सौदा करून क्रम वर आणला आणि त्याला घेतलं. वडील वीटकाम करायचे. त्यांच्याबरोबर कामाला जाऊन, वरून फेकलेल्या विटा झेलत हात तयार झाले, हे राइस स्वतः सांगत आला आहे. बंद हंगामात तो सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका टेकडीवर धावायचा. सोबत आलेले दुसरे खेळाडू अर्ध्यात बसायचे, असं त्यांच्याच तोंडून अनेकदा ऐकायला मिळालं.

त्याच्या जुन्या चाली मी मुलांना दाखवतो तेव्हा एकच गोष्ट बघायला सांगतो. स्लॅन्ट (तिरकी आत वळणारी धाव) असो, सरळ खोल धाव असो वा मागे वळून थांबणं असो, पहिली सहा-सात पावलं अगदी सारखी दिसतात. कॉर्नरला अंदाज येत नाही. आणि वळताना तो वेग कमी करत नाही. जगातले बहुतेक रिसीव्हर वळण्याआधी कणभर ब्रेक लावतात. राइस वळणातूनच पळायचा. म्हणून घड्याळावरचा त्याचा वेग बेताचा असला तरी सामन्यात त्याला मागून कोणी गाठत नसे. झेल घेतल्यावरचे त्याचे यार्ड याच सवयीतून येतात: क्वार्टरबॅक जो मॉन्टाना चेंडू धावत्या पावलात द्यायचा आणि राइस तो घेताना थांबायचा नाही.

आकडे तुम्ही पाहिलेच आहेत: १,५४९ झेल, २२,८९५ यार्ड, १९७ झेललेले टचडाउन. पण तक्ता बघून त्यातलं अंतर जाणवत नाही, म्हणून असा हिशेब करा. एखादा मुलगा आज लीगमध्ये आला आणि त्याने सलग पंधरा वर्षं, दर वर्षी दीड हजार यार्ड काढले, तर बेरीज होते २२,५००. तरी तो राइसच्या मागेच. आणि दीड हजार यार्डांचं एखाददुसरं वर्ष लाभलं तरी रिसीव्हर स्वतःला भाग्यवान समजतो. यार्डांत दुसरा असलेला लॅरी फिट्झजेराल्ड सतरा हंगाम खेळूनही पाच हजारांहून अधिक मागे आहे.

इथे तुमचा सहकारी म्हणेल, तो फक्त जास्त वर्षं खेळला. हे खरं नाही. १९८७ घ्या. खेळाडूंच्या संपाचं वर्ष. राइस बाराच सामने खेळला आणि त्याने २२ टचडाउन झेलले. त्या वर्षी दुसऱ्या क्रमांकावर कोण? फिलाडेल्फियाचा माइक क्विक, ११. बरोबर दुप्पट. एखाद्या खेळात पहिला आणि दुसरा यांच्यात इतकी दरी दिसली की मी काळ, नियम, सोबती सगळं विसरून आधी नमस्कार करतो. त्याला मॉन्टाना आणि नंतर स्टीव्ह यंग असे दोन थोर क्वार्टरबॅक मिळाले हेही कबूल. पण २००२ मध्ये, ओकलंड रेडर्सकडून, ज्या हंगामात तो चाळिशीचा झाला त्या हंगामात त्याने ९२ झेल आणि १,२११ यार्ड काढले. तिथे मॉन्टानाही नव्हता आणि वॉल्शही नव्हता.

मग मॉसचं काय? त्याच्या बाजूने सर्वांत सबळ पुरावा तुम्हाला त्याच्या स्वतःच्या आकड्यांत सापडणार नाही. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये तो ग्रीन बेला, लॅम्बो फिल्डवर, सोमवारच्या रात्री खेळला: पाच झेल, १९० यार्ड, दोन टचडाउन. पुढच्या एप्रिलमध्ये ग्रीन बे पॅकर्सनी खेळाडूंच्या निवडीत पहिल्या तीन फेऱ्यांत कोणाला घेतलं? कॉर्नरबॅक, कॉर्नरबॅक आणि कॉर्नरबॅक. वर्षातून दोनदा गाठ पडणाऱ्या एका माणसासाठी अख्ख्या संघाची बांधणी बदलली. राइसच्या बाबतीतही मला असं दुसरं उदाहरण आठवत नाही.

मॉस मैदानावर उभा असला की सेफ्टी वीस-पंचवीस यार्ड मागे जाऊन बसायचा. त्यामुळे अलीकडच्या पट्ट्यात क्रिस कार्टर मोकळा, मधून धावायला रॉबर्ट स्मिथ मोकळा. वायकिंग्जनी त्या हंगामात ५५६ गुण केले, तो तेव्हाचा विक्रम होता. नऊ वर्षांनी हीच गोष्ट न्यू इंग्लंडमध्ये. २००७ मध्ये मॉसने २३ टचडाउन झेलले, तो विक्रम आजही उभा आहे. आणि त्याच वर्षी त्याच संघाच्या वेस वेल्करने मधल्या पट्ट्यात ११२ झेल घेतले. वेल्कर कष्टाळू आणि हुशार खेळाडू होता, पण त्याला मिळालेल्या अंगणाचं कुंपण मॉसने मागे ढकललेलं होतं.

तंत्र म्हणाल तर मॉसची एक गोष्ट मी पहिल्याच आठवड्यात मुलांना शिकवतो: हात उशिरा काढा. खोल पासवर कॉर्नरची चेंडूकडे पाठ असते. चेंडू आला हे तो रिसीव्हरच्या हातांवरून आणि डोळ्यांवरून ओळखतो. बहुतेकांचे हात दोन पावलं आधीच वर जातात आणि कॉर्नर सावध होतो. मॉसचा चेहरा शांत, हात खाली. चेंडू अगदी डोक्याशी आल्यावर हात वर जायचे, तोवर उशीर झालेला असायचा. लोक त्याची उंची आणि उडी बघतात. मला ते हात दिसतात. इथली शाळकरी मुलं एकमेकांच्या डोक्यावरून चेंडू काढला की "मॉस केलं" म्हणतात. त्यातल्या कित्येकांचा तो निवृत्त झाला तेव्हा जन्मही झाला नव्हता.

दर सामन्यामागे टचडाउन काढलेत तर मॉस राइसच्या पुढे आहे: २१८ सामन्यांत १५६, राइसचे ३०३ सामन्यांत १९७. मग मी त्याला पहिला का नाही ठेवत? कारण त्याच वहीत दुसऱ्या पानावर २००६ आहे. ओकलंडमध्ये, ढासळलेल्या संघात, ४२ झेल, ५५३ यार्ड, तीन टचडाउन. पुढच्या वर्षी त्याला चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात देऊन टाकलं गेलं. संघ वाईट होता, दुखापतीही होत्या, हे मान्य. पण चेंडू येणार नाही हे ठाऊक असलेल्या चालींत तो हळू धावायचा, आणि ते बचावाला कळायचं. मी सुरुवातीला ज्या पन्नास न दिसणाऱ्या चालींबद्दल लिहिलं, तिथे हा फरक पडतो. राइस त्या पन्नासही चाली चेंडू आपल्याकडेच येणार असल्यासारखा धावायचा. माझं मन मॉसकडे असूनही माझी वही राइसचं नाव घेते, ती यासाठी.

तिसरा खेळाडू तुमच्या टेबलावर कोणाच्याच तोंडी नाही याचं मला वाईट वाटतं. डॉन हट्सन, ग्रीन बे पॅकर्स, १९३५ ते १९४५. ज्या काळात पास हा नाइलाजाने फेकायचा प्रकार होता, त्या काळात हा माणूस ठरवून आखलेल्या वाटा धावत होता. १९४२ मध्ये अकरा सामन्यांत ७४ झेल, १,२११ यार्ड, १७ टचडाउन. त्या वर्षी झेलांत दुसऱ्या आलेल्याचे झेल होते २७. अकरा वर्षांत नऊ वेळा तो टचडाउन झेलण्यात लीगमध्ये पहिला होता. त्याचा ९९ टचडाउनचा विक्रम मोडायला १९८९ उजाडलं. सिएटलच्या स्टीव्ह लार्जंटने तो मोडला. शिवाय हट्सन बचावातही खेळायचा आणि किकही मारायचा. १९४५ मध्ये त्याने एका सामन्याच्या एकाच क्वार्टरमध्ये २९ गुण केले होते.

पण इथे दोन गोष्टी सांगितल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९४२ पासूनचे हंगाम महायुद्धातले आहेत. असंख्य खेळाडू सैन्यात होते. आणि १९३४ पासून १९४५ पर्यंत एनएफएलमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. ती दारं बंद ठेवली होती. म्हणजे हट्सनची अख्खी कारकीर्द, देशातल्या कित्येक उत्तम खेळाडूंना मैदानाबाहेर ठेवलेल्या लीगमध्ये गेली. हा दोष त्याचा नव्हे, पण दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट झेल घेतले असं म्हणताना हा 'दुसरा' कोणातून निवडला होता हे लक्षात ठेवावं लागतं. म्हणून तो माझ्याकडे तिसरा. माझ्या ओळखीचे काही जाणकार त्याला पहिला ठेवतात, काही पहिल्या वीसांतही धरत नाहीत.

काळाबद्दल एकच नियम लक्षात ठेवा: १९७८. त्याआधी कॉर्नरबॅक रिसीव्हरला वाटभर ढकलत, अडवत जाऊ शकायचा. त्या वर्षीपासून रेषेपलीकडच्या पहिल्या पाच यार्डांनंतर हात लावायला बंदी आली. हंगामही चौदावरून सोळा सामन्यांचा झाला, २०२१ पासून सतरा. त्यामुळे १९६५ चे हजार यार्ड आणि २०२४ चे हजार यार्ड ही एकाच नावाची दोन वेगळी नाणी आहेत. मी कोणालाही त्याच्याच वर्षातल्या इतरांशी ताडून बघतो, आणि मगच दोन काळ शेजारी ठेवतो.

इथवरचं एका दमात: संघाने चेंडू किती फेकला, सेफ्टी कुठे उभा राहिला, आणि त्याच वर्षी दुसरा कोण व किती मागे होता. अजिंक्यपदाच्या अंगठ्या मी मोजत नाही. मॉसकडे एकही नाही, फिट्झजेराल्डकडे नाही, कॅल्विन जॉन्सन तर बाद फेरीतला एकही सामना जिंकला नाही. अंगठी त्रेपन्न माणसं मिळून जिंकतात.

तर राइस, मॉस, हट्सन. चौथा फिट्झजेराल्ड. त्याचे हात मी पाहिलेल्या सगळ्यांत विश्वासाचे. २००८ च्या बाद फेरीत चार सामन्यांत ५४६ यार्ड आणि सात टचडाउन, असं कोणीच केलेलं नाही. कर्ट वॉर्नर निवृत्त झाल्यावर ॲरिझोनात क्वार्टरबॅकची रांग लागली, एकाचाही जम बसेना. तरी २०११ मध्ये त्याने १,४११ यार्ड काढले. वय वाढल्यावर बाहेरची जागा सोडून तो आतल्या स्लॉटमध्ये गेला, अंगावर मोठमोठे लाइनबॅकर (मधले बचावपटू) घेऊन धावपटूंसाठी वाट मोकळी करू लागला, आणि २०१६ मध्ये तेहेतिसाव्या वर्षी झेलांत लीगमध्ये पहिला आला. शाळेत असताना तो वायकिंग्जच्या सरावात चेंडू उचलून द्यायचं काम करायचा, म्हणजे कार्टर आणि मॉस त्याने मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिले आहेत. मला हे जेव्हा कळलं तेव्हा त्याच्या खेळातलं बरंच काही उलगडलं.

पाचवा टेरेल ओवेन्स. १५३ टचडाउन, आणि पाय मोडल्यावर काही आठवड्यांतच सुपर बोलमध्ये उतरून नऊ झेल. संघ फोडतो या ठपक्यामुळे हॉल ऑफ फेमने त्याला दोनदा मागे ठेवलं. मी ड्रेसिंग रूममध्ये नव्हतो. मी फक्त मैदानावरचं मोजतो. सहावा कॅल्विन जॉन्सन. तिसाव्या वर्षी शरीराने नको म्हटलं म्हणून तो थांबला, नाहीतर वर चढला असता. सातवा लान्स ऑलवर्थ, सॅन डिएगो चार्जर्सचा. १९६५ मध्ये चौदा सामन्यांत १,६०२ यार्ड, तेही १९७८ पूर्वीच्या धक्काबुक्कीत. आठवा मार्विन हॅरिसन, २००२ मध्ये १४३ झेल. क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगची साथ वजा केली तरी त्याचं वळणं पाठ्यपुस्तकात घालावं असं. नववा वॉरफिल्ड, कारण वर सांगितलं. दहावा हुलिओ जोन्स. या शेवटच्या जागेवर मी दर दोन वर्षांनी मत बदलतो. कार्टर, लार्जंट किंवा स्टीव्ह स्मिथ कोणी ठेवलं तर मी भांडणार नाही.

आता तुमच्या तरुण सहकाऱ्याचं. त्याचं म्हणणं उडवून लावू नका. आजचे खेळाडू लहानपणापासून वर्षभर हेच करतात, आहार-व्यायाम वेगळा आहे, आणि समोरचे कॉर्नरबॅकही तितकेच तयार आहेत. जेफरसनने पहिल्या पाच हंगामांत ७,४३२ यार्ड काढले, इतकी सुरुवात कोणाचीच नाही. २०२३ मध्ये कर्क कझिन्स जखमी झाल्यावर आलेल्या एकामागून एक क्वार्टरबॅकांकडूनही त्याने यार्ड काढून घेतले. चेसने २०२४ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत पहिला क्रमांक मिळवला: १२७, १,७०८ आणि १७. हे दोघं एलएसयू कॉलेजच्या २०१९ च्या अजिंक्य संघात एकत्र होते, आणि चेसचा आजचा क्वार्टरबॅक जो बरोही तिथेच होता. निवडायचंच झालं तर मी जेफरसन घेईन, कारण तो एकाच चालीत कॉर्नरला दोनदा चुकीच्या पायावर आणतो आणि कझिन्सच्या दुखापतीनंतर त्याला बरोसारखा एकच माणूस सतत चेंडू देत नव्हता. पण पाच वर्षांची तुलना वीस वर्षांशी करणं मला पटत नाही. त्यांना यादीत न घेणं हा त्यांचा अपमान नाही, त्यांची वही अजून भरते आहे.

पुढच्या रविवारी वाद सुरू झाला की एक करा. २२ जानेवारी १९८९ चा सुपर बोल काढा, फोर्टी-नाइनर्स विरुद्ध बेंगॉल्स. शेवटची तीन मिनिटं दहा सेकंद, स्वतःच्या आठ यार्डांवर चेंडू, तीन गुणांनी मागे. राइसने त्या सामन्यात ११ झेल आणि २१५ यार्ड काढले आणि सामन्याचा मानकरी तोच ठरला. शेवटच्या ९२ यार्डांतही, दुसऱ्या डाउनला (चार प्रयत्नांपैकी दुसऱ्या) वीस यार्ड हवे असताना त्याने २७ मिळवले. पण विजयाचा टचडाउन, चौतीस सेकंद उरले असताना, जॉन टेलरने झेलला. ती चाल दोनदा लावा. पहिल्यांदा टेलर बघा. दुसऱ्यांदा टेलर आणि चेंडू दोन्ही सोडून फक्त राइस बघा, आणि त्याच्यावर किती डोळे खिळलेत ते मोजा. मग मला कळवा की तुमच्या टेबलावर कोण काय म्हणालं.